गर्भाशयाच्या अंतःस्तरातील स्थानिक प्रथिने : स्वरूप, कार्य आणि मर्यादा

सारांश

गर्भाशयाच्या अंतःस्तरात दर महिन्याला होणारे बदल अंडाशयातील संप्रेरके घडवून आणतात, हे सर्वपरिचित आहे. मात्र संप्रेरके ही केवळ संदेश देतात. प्रत्यक्ष कार्य करणारी अनेक प्रथिने अंतःस्तराच्या पेशी स्वतःच जागेवर तयार करतात आणि तेथेच वापरतात. भ्रूणाचे रोपण, सुरुवातीच्या आठवड्यांतील त्याचे पोषण, मातेच्या प्रतिकारयंत्रणेपासून त्याचे संरक्षण आणि गर्भधारणा न झाल्यास होणारा मासिक स्राव या साऱ्यांत या प्रथिनांचा वाटा आहे. प्रस्तुत लेखात अशा निवडक प्रथिनांचा परिचय करून दिला असून, या ज्ञानाचा वंध्यत्वाच्या उपचारात उपयोग करताना कोणत्या मर्यादा लक्षात घ्याव्यात याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गर्भाशयाचा अंतःस्तर, प्रोजेस्टेरॉन, रोपण, ग्लायकोडेलिन, प्रोलॅक्टिन, एलआयएफ.

प्रस्तावना

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक आवश्यक मानले आहेत. शेतीवरून घेतलेली ही उपमा भारतीय मनात खोलवर रुजली आहे. ग्रंथात चारही घटकांना स्थान असले, तरी लोकव्यवहारात बीज हे कर्ते आणि क्षेत्र हे केवळ धारण करणारे, असा अर्थ रूढ झाला. मूल झाले तर ते बीजाचे श्रेय आणि न झाले तर तो क्षेत्राचा दोष, असा दुहेरी न्याय त्यातून स्त्रियांच्या वाट्याला आला.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानातही अंतःस्तराकडे दीर्घकाळ याच दृष्टीने पाहिले गेले. अंडाशयातून संप्रेरके येतात, त्यांच्या प्रभावाने अस्तर जाड होते, भ्रूण आले तर रुजते आणि न आले तर अस्तर गळून पडते, एवढेच वर्णन पाठ्यपुस्तकांत आढळत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या संशोधनाने हे चित्र बदलले. अंतःस्तर हा एक सक्रिय स्रावी अवयव असून त्याच्या पेशी अनेक प्रकारची प्रथिने निर्माण करतात, हे स्पष्ट झाले. या प्रथिनांचे कार्य समजून घेणे जीवशास्त्राच्या अध्यापकांना तर आवश्यक आहेच, पण वंध्यत्व व मासिक पाळी यांविषयीच्या सामाजिक धारणांचा विचार करणाऱ्या अन्य विषयांच्या अध्यापकांनाही ते उपयुक्त ठरेल.

अंतःस्तराची रचना व ऋतुचक्र

अंतःस्तराचे स्थूलमानाने दोन थर असतात. स्नायूंलगतचा तळथर कायम राहतो, तर त्यावरील कार्यकारी थर दर चक्रात वाढतो आणि गळून पडतो. पेशींच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात दोन प्रमुख घटक दिसतात. पृष्ठभाग आणि नलिकाकार ग्रंथी यांना आच्छादणारा पेशींचा थर म्हणजे अभिस्तर, आणि या ग्रंथींच्या मधली जागा व्यापणाऱ्या पेशींचे जाळे म्हणजे आधार-ऊतक. यांखेरीज रक्तवाहिन्या व प्रतिकारयंत्रणेच्या पेशीही तेथे मोठ्या संख्येने असतात.

चक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने अभिस्तर व आधार-ऊतक या दोहोंतील पेशींचे विभाजन होते. अंडमोचनानंतर पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते, विभाजन मंदावते आणि ग्रंथी स्रवू लागतात. साधारणतः अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात २३व्या दिवसाच्या सुमारास रक्तवाहिन्यांभोवतीच्या आधारपेशी फुगून गोलसर होऊ लागतात. या रूपांतरित ऊतकास डेसिडुआ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध गळून पडण्याशी, पानगळीशी आहे. उंदरांमध्ये हे रूपांतर भ्रूण आल्यानंतरच सुरू होते. मानवात मात्र ते भ्रूणाची वाट न पाहता प्रत्येक चक्रात घडते. मासिक पाळी येणे हे सस्तन प्राण्यांत विरळ आहे, आणि भ्रूणाविना होणाऱ्या या रूपांतराशी त्याचा निकटचा संबंध आहे.

संदेश दूरचा, कार्य जागेवरचे

संप्रेरक रक्तावाटे येते आणि पेशीतील ग्राहीशी जोडले जाते. त्यानंतर त्या पेशीतील विशिष्ट जनुके कार्यरत होतात आणि प्रथिने तयार होतात. यांपैकी काही प्रथिने शेजारच्या पेशींवर परिणाम करतात. म्हणजेच संप्रेरकाचा आदेश पुष्कळदा थेट न पोहोचता शेजारच्या पेशीमार्फत पोहोचतो.

याचा स्पष्ट पुरावा १९९७ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका प्रयोगाने दिला. अभिस्तराच्या पेशींचे विभाजन इस्ट्रोजेनमुळे होते, तेव्हा इस्ट्रोजेनचा ग्राही अभिस्तरातच असला पाहिजे, असे मानले जाई. हे तपासण्यासाठी ग्राही असलेली आणि ग्राही नसलेली ऊतके वेगवेगळ्या प्रकारे एकत्र जोडण्यात आली. ग्राही केवळ आधार-ऊतकात असतानाही अभिस्तराचे विभाजन झाले. उलट ग्राही केवळ अभिस्तरात असता ते झाले नाही. इस्ट्रोजेनचा आदेश आधारपेशी स्वीकारतात आणि त्यांनी निर्माण केलेले घटक तो पुढे पोहोचवतात, असा त्याचा अर्थ होता.

प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीतही असेच आढळले. आधारपेशींत प्रोजेस्टेरॉनमुळे हँड-२ नावाचे प्रथिन तयार होते आणि ते अभिस्तराला विभाजनाची प्रेरणा देणाऱ्या वृद्धिघटकांची निर्मिती रोखते, असे २०११ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले. संप्रेरकाची रक्तातील पातळी योग्य असूनही अंतःस्तराचा प्रतिसाद सदोष असू शकतो, तो या मधल्या दुव्यांमुळे.

ग्रंथींचा स्राव : प्राण्यांवरील अभ्यास

अंतःस्तराच्या स्रावात विशिष्ट प्रथिने असतात हे प्रथम प्राण्यांमध्ये सिद्ध झाले. १९६७ मध्ये कृष्णन व डॅनियल यांनी सशाच्या गर्भाशयातील द्रवातून एक प्रथिन वेगळे केले व त्याला ब्लास्टोकायनिन असे नाव दिले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील बायर यांनी त्याचे वर्णन युटेरोग्लोबिन या नावाने केले. भ्रूणाची वाढ हे एकच प्रथिन घडवते ही आरंभीची कल्पना पुढे टिकली नाही. ते फुप्फुसांतही आढळले. तरीही प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने गर्भाशयात विशिष्ट प्रथिन निर्माण होते, हा या शोधाचा गाभा अबाधित राहिला.

डुकरांमधील युटेरोफेरिन हे प्रथिन अधिक बोलके आहे. त्याच्या रेणूत लोह असते व त्यामुळे त्याचा रंग जांभळा दिसतो. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने ग्रंथी ते स्रवतात आणि त्याद्वारे मातेकडील लोह गर्भापर्यंत पोहोचते. सुश्रुतांच्या चार घटकांतील अंबू, म्हणजे पोषक रस, या कल्पनेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य केवळ उपमेचे आहे. त्या रसात कोणते रेणू असतात व ते कोठे निर्माण होतात, हे विसाव्या शतकातील प्रयोगशाळेतच उलगडले.

ग्रंथी नसतील तर काय होते, याचे उत्तर मेंढ्यांवरील प्रयोगांनी दिले. नवजात मादी कोकरांना जन्मापासून काही आठवडे प्रोजेस्टेरॉनसदृश औषध दिल्यास त्यांच्या गर्भाशयात ग्रंथी तयारच होत नाहीत. अशा मेंढ्या प्रौढ झाल्यावर त्यांच्यात फलन होते, परंतु गर्भ सुमारे दोन आठवड्यांपलीकडे वाढत नाही. निरोगी मेंढीची भ्रूणे त्यांच्या गर्भाशयात ठेवली तरीही फरक पडला नाही. बीज निर्दोष असूनही ग्रंथींच्या स्रावाविना ते जगू शकत नाही, हे यातून सिद्ध झाले.

मानवातही असाच काही प्रकार आहे काय, हा प्रश्न पुढे आला. गर्भाला पहिल्या दिवसांपासून वारेतून मातेच्या रक्ताचा पुरवठा होतो, अशी समजूत होती. २००२ मध्ये केंब्रिज येथील ग्रॅहॅम बर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या आरंभीच्या काळातील गर्भाशयांचे जतन केलेले नमुने तपासले. सुमारे पहिल्या दहा आठवड्यांपर्यंत अंतःस्तराच्या ग्रंथी आपला स्राव वारेतील पोकळीत सोडत असल्याचे त्यांना आढळले. ग्रंथींत तयार झालेली प्रथिने वारेच्या पेशींनी आत घेतल्याच्या खुणाही मिळाल्या. वारेतून मातेचे रक्त पूर्णपणे वाहू लागण्याआधी मानवी गर्भ अंतःस्तराच्या स्रावावरही पोसला जातो, असे यावरून म्हणता येते.

रोपणासाठी अत्यावश्यक प्रथिन : एलआयएफ

ल्युकेमिया इन्हिबिटरी फॅक्टर, अर्थात एलआयएफ, हे प्रथिन त्याच्या नावाप्रमाणे रक्तकर्काच्या पेशींवरील परिणामामुळे प्रथम ओळखले गेले. उंदरांमध्ये गर्भधारणेच्या चौथ्या दिवशी, म्हणजे रोपणाच्या अगदी आधी, गर्भाशयाच्या ग्रंथींत ते मोठ्या प्रमाणात तयार होते. १९९२ मध्ये कॉलिन स्टुअर्ट व सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेल्या उंदरांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा माद्यांमध्ये अंडमोचन व फलन सुरळीत झाले, भ्रूणेही तयार झाली, पण एकही रुजले नाही. तीच भ्रूणे सामान्य मादीच्या गर्भाशयात ठेवताच ती रुजली व वाढली. दोष भ्रूणात नसून मातेच्या अंतःस्तरातील एका प्रथिनाच्या अभावात होता, याचा याहून थेट पुरावा क्वचितच मिळेल.

चुकीच्या नावांची कथा : ग्लायकोडेलिन व आयजीएफबीपी-१

१९८०च्या सुमारास जर्मनीतील मारबुर्ग येथे हान्स बोन यांनी मानवी वारेतून अनेक प्रथिने वेगळी केली व त्यांना 'प्लॅसेंटल प्रोटीन' म्हणजे वारेचे प्रथिन असे म्हणून क्रमांक दिले. त्यांपैकी बाराव्या व चौदाव्या प्रथिनांचा शोध घेता ती मुळात वार तयार करीतच नाही, असे निष्पन्न झाले. फिनलंडमधील संशोधकांनी १९८५-८६ मध्ये दाखवून दिले की बारावे प्रथिन डेसिडुआ तयार करते, तर चौदावे प्रथिन अंतःस्तराच्या ग्रंथी निर्माण करतात, आणि तेही गर्भधारणा नसताना. प्रसूतीनंतर वारेला चिकटून डेसिडुआही बाहेर येतो. त्यामुळे मातेच्या ऊतकाचे कार्य गर्भाच्या ऊतकाच्या नावावर जमा झाले होते.

चौदाव्या प्रथिनास आता ग्लायकोडेलिन म्हणतात. अंडमोचनाच्या काळात अंतःस्तरात ते जवळजवळ नसते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने वाढते आणि गर्भधारणा झाल्यास पहिल्या तिमाहीत भरपूर प्रमाणात आढळते. त्याचे दोन गुणधर्म विशेष महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे ते शुक्रपेशीला अंडपेशीच्या आवरणाशी जोडले जाण्यापासून रोखते. त्यामुळे फलनाच्या काळात त्याचे नसणे आवश्यक आहे. दुसरे म्हणजे ते प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशींना आवरते. गर्भात पित्याकडून आलेली जनुके असल्याने मातेच्या दृष्टीने तो अर्धा परका असतो. अशा परक्या ऊतकाविरुद्धची प्रतिक्रिया थोपवण्यात ग्लायकोडेलिनचा हातभार लागत असावा. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत अंजली कारंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर महत्त्वाचे संशोधन केले आहे. अंतःस्तरातील ग्लायकोडेलिन टी-पेशींचा नियोजित मृत्यू घडवते, पण वीर्यातील ग्लायकोडेलिन तसे करीत नाही, असे त्यांनी दाखवले. दोहोंची अमिनो आम्लांची साखळी एकच आहे. फरक आहे तो तिला जोडलेल्या शर्करांचा. म्हणजे प्रथिन कोणते याइतकेच ते कोणत्या ऊतकात तयार झाले, हेही निर्णायक ठरते.

बारावे प्रथिन आता आयजीएफबीपी-१ या नावाने ओळखले जाते. इन्सुलिनसदृश वृद्धिघटकांना बांधून ठेवणे हे त्याचे कार्य होय. यकृतही ते तयार करते. गर्भाशयात मात्र रूपांतरित आधारपेशी ते विपुल प्रमाणात निर्माण करतात. वारेच्या पेशी अंतःस्तरात शिरताना वृद्धिघटकांचा उपयोग करतात. त्यांच्या या शिरकावाला मर्यादा घालण्यात या प्रथिनाचा सहभाग असल्याचे मानले जाते. अंतःस्तर भ्रूणाला जागा देतो, तसाच त्याला आवरही घालतो.

एकच प्रथिन, दोन नियंत्रणे : प्रोलॅक्टिन

प्रोलॅक्टिन हे पियुषिका ग्रंथीचे स्तन्यजनक संप्रेरक म्हणून परिचित आहे. मात्र १९७०नंतरच्या दशकात मॅस्लर व रिडिक यांनी मानवी अंतःस्तरही ते तयार करतो हे दाखवले. दोन्ही ठिकाणचे प्रथिन एकच, पण नियंत्रण निराळे आहे. पियुषिकेतील प्रोलॅक्टिनला मेंदूतील डोपामिन आवरते. डेसिडुआतील प्रोलॅक्टिनवर त्याचा परिणाम होत नाही. डेसिडुआत जनुकाचे वाचन नेहमीच्या जागेपासून सुमारे ६,००० बेस-जोड्या आधी सुरू होते आणि तेथील नियंत्रक क्रम वेगळा आहे. गर्भवतीला ब्रोमोक्रिप्टिन हे औषध दिल्यास तिच्या रक्तातील प्रोलॅक्टिन घटते, परंतु गर्भजलातील प्रोलॅक्टिन कायम राहते, कारण ते डेसिडुआतून आलेले असते. रक्ततपासणीवरून अंतःस्तरातील स्थितीचा अंदाज बांधणे किती अपुरे ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रोपणाचा काळ आणि मासिक स्राव

अंतःस्तर भ्रूणाचा स्वीकार मोजकेच दिवस करतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील ॲलन विलकॉक्स व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा आठवडे वा अधिक टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांमध्ये रोपण अंडमोचनानंतरच्या ८व्या ते १०व्या दिवशी झाले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के गर्भ लवकरच नष्ट झाले. हे प्रमाण दहाव्या दिवशी २६ टक्के, अकराव्या दिवशी ५२ टक्के आणि त्यानंतर ८२ टक्के इतके वाढले.

गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड क्षीण होतो व प्रोजेस्टेरॉन घटते. त्याबरोबर अंतःस्तरातील पेशी ऊतकाची बांधणी विरघळवणारी विकरे निर्माण करतात आणि कार्यकारी थर सुटा होतो. काही दिवसांतच तळथरापासून नवे अस्तर व्रण न राहता तयार होते. ज्या स्रावाला समाजाने विटाळ मानले, तो सडलेल्या वा अशुद्ध रक्ताचा निचरा नसून भ्रूणासाठी सिद्ध झालेल्या ऊतकाचे नियोजित विसर्जन आहे. वर्गात हा भाग शिकवताना एवढे एक विधान स्पष्टपणे केले गेले, तरी विद्यार्थिनींच्या मनावरील मोठे ओझे हलके होईल.

उपचारातील उपयोग व मर्यादा

अंतःस्तरावर स्थानिक परिणाम साधण्याचे यशस्वी उदाहरण म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल स्रवणारे गर्भाशयांतर्गत साधन. फिनलंडमध्ये विकसित झालेले हे साधन १९९०पासून वापरात आहे. ते प्रोजेस्टेरॉनसदृश औषध थेट गर्भाशयात सोडते. त्यामुळे अंतःस्तर पातळ राहतो, मासिक रक्तस्राव घटतो आणि गर्भनिरोधनही होते. याच्या प्रभावाखाली आधारपेशी आयजीएफबीपी-१ सतत निर्माण करतात, असे आढळले आहे.

रोपणास मदत करण्याचे प्रयत्न मात्र इतके सफल झालेले नाहीत. उंदरांवरील निष्कर्षांमुळे एलआयएफकडून मोठी अपेक्षा होती. वारंवार रोपण न होणाऱ्या स्त्रियांना कृत्रिमरीत्या तयार केलेले मानवी एलआयएफ देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गर्भधारणेचे प्रमाण वाढले नाही. त्यानंतर अंतःस्तरातील २३८ जनुकांच्या क्रियाशीलतेवरून भ्रूण सोडण्याची योग्य वेळ ठरवण्याची तपासणी पुढे आली व ती अनेक देशांत विकली जाऊ लागली. अमेरिकेत ७६७ स्त्रियांचा समावेश असलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या तपासणीनुसार वेळ ठरवलेल्या गटात जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण ५८.५ टक्के, तर तसे न केलेल्या गटात ६१.९ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. म्हणजेच तपासणीचा लाभ दिसून आला नाही.

या अपयशाची कारणे प्रथिनांच्या स्वरूपातच शोधावी लागतात. उंदरात एका प्रथिनाच्या अभावाने रोपण थांबते म्हणून ते बाहेरून दिल्याने मानवात रोपण होईलच, असे नाही. प्रथिन योग्य दिवशी, योग्य पेशीतून, योग्य शर्करांसह आणि योग्य मात्रेत यावे लागते. ग्लायकोडेलिनसारखे प्रथिन तर चुकीच्या वेळी आल्यास फलनालाच अडथळा करते. दुसरे असे की, सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांत दोष आढळतो. तेथे अंतःस्तर कितीही सिद्ध असला तरी उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक अपयश अंतःस्तराच्या, पर्यायाने स्त्रीच्या माथी मारणे हे शास्त्रालाही धरून नाही.

भारतात सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार उपचारापूर्वी लेखी व माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक आहे. संमती खऱ्या अर्थाने माहितीपूर्ण व्हायची, तर कोणती तपासणी सिद्ध आहे आणि कोणती अद्याप प्रायोगिक आहे, हे दांपत्याला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. कर्ज काढून उपचार घेणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा केवळ शास्त्रीय तपशिलाचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

१. संप्रेरके संदेश देतात. तो अंमलात आणण्याचे कार्य बव्हंशी अंतःस्तरात निर्माण होणारी प्रथिने करतात. त्यामुळे रक्तातील संप्रेरकांची पातळी हा अंतःस्तराच्या स्थितीचा अपुरा निदर्शक आहे.

२. ही प्रथिने रोपण, पोषण, संरक्षण व नियंत्रण अशी परस्परपूरक कार्ये करतात. अंतःस्तर भ्रूणाला स्वीकारतो, पोसतो आणि आवरतोही.

३. एखाद्या प्रथिनाचे कार्य ज्ञात होणे आणि त्यावर आधारित उपचार सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. एलआयएफ व जनुक-तपासणी यांचे अनुभव हेच सांगतात.

४. बीज आणि क्षेत्र ही जुनी विभागणी आता अपुरी ठरली आहे. क्षेत्र हे निष्क्रिय माती नव्हे, हे मान्य करतानाच प्रत्येक अपयशाचा दोष क्षेत्रावर टाकण्याची सवयही सोडावी लागेल. महाविद्यालयीन अध्यापनात प्रजननसंस्थेचा भाग शिकवताना या दोन्ही बाजू मांडल्या गेल्यास विषयाचे आकलन अधिक यथार्थ होईल.